क्रूड पडलं, आता तेल कंपन्यांचे शेअर घ्यायचे का?

प्रश्न: नमस्कार दादा, मी तासगावचा, शाळेतून नुकताच रिटायर झालोय. क्रूड म्हणजे कच्चं तेल पडलंय, तेल कंपन्यांचे शेअर पण आपटलेत आणि ओएनजीसीचा डिव्हिडंड (नफ्यातला वाटा) तर एफडीच्या तोंडात मारेल असा दिसतोय. ४ लाख टाकू का? मुलगा म्हणतो एचपीसीएल घ्या, मेव्हणे म्हणतात काहीही घ्या, तेल ते तेलच.

उत्तर: सर, मेव्हण्यांचं ऐकू नका. तुम्ही तासगावचे म्हणजे बेदाण्यावरूनच सांगतो. ओएनजीसी हा बागायतदार, मुंबई हायसारख्या ठिकाणी समुद्रातून तेल काढणार, भाव पडला की खर्च तेवढाच आणि पट्टी (विक्रीचे हातात येणारे पैसे) निम्मी. एचपीसीएल, बीपीसीएल, इंडियन ऑइल हे व्यापारी, क्रूड विकत घेऊन पेट्रोल-डिझेल विकणारे, त्यांना माल स्वस्त मिळाला तर बरंच, फक्त कोल्ड स्टोरेजमध्ये महाग घेतलेला बेदाणा पडून असावा तसं यांच्या टाक्यांत जुन्या भावाचं क्रूड असतं, म्हणून एखादी तिमाही खराब दिसते आणि लोक घाबरून विकतात.

म्हणजे मुलगा बरोबर? अर्धा. कारण मधे सरकार बसलंय. क्रूड पडलं की पंपावरचा भाव तेवढा उतरत नाही, एक्साइज (केंद्राचा कर) वाढते, २०२० च्या मे महिन्यात पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये एका फटक्यात वाढवले होते. आणि क्रूड चढलं की कंपन्यांना सोसायला लावतात, ऑक्टोबर २०१८ मध्ये लिटरमागे फक्त १ रुपया सोसा म्हटलं तर दुसऱ्या दिवशी एचपीसीएल २० टक्क्यांहून जास्त आपटला. ओएनजीसीचं पण तेच, जुलै २०२२ मध्ये भाव मिळायला लागला तर टनामागे २३,२५० रुपयांचा विंडफॉल टॅक्स (अचानक मिळालेल्या जादा नफ्यावरचा कर) लावला, तो निघाला थेट डिसेंबर २०२४ मध्ये.

डिव्हिडंडचं नीट बघा. स्क्रीनवर जो टक्का दिसतो तो गेल्या वर्षीचा डिव्हिडंड भागिले आजचा पडलेला भाव, पुढच्या वर्षी तेवढाच मिळेल असं कुणी लिहून दिलेलं नाही. शेलसारख्या कंपनीने एप्रिल २०२० मध्ये ४७ सेंटचा डिव्हिडंड १६ वर आणला, दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच!

आणि "पडलंय" म्हणजे तळ आला असं नसतं हो. जून २०१४ मध्ये ब्रेंट (जगभर भाव ठरवताना बघतात ते क्रूड) बॅरलला ११५ डॉलरच्या आसपास, जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली. मी त्या वेळी क्रूड ७० ला असताना "आता अजून किती पडणार" म्हणून एक तेलाचा शेअर घेतला, मग क्रूड ५० ला आल्यावर ॲव्हरेज केला, म्हणजे पडलेल्या भावात आणखी घेतला, मग बायकोने डायरी बघितली आणि ॲव्हरेज बंद झालं.

तुमच्या जागी मी असतो तर साडेतीन लाख पोस्टाच्या सिनियर सिटिझन स्कीममध्ये टाकले असते आणि उरलेले ५० हजार, तेही पाच-सहा वर्षं लागणार नसतील तरच, पाच-पाच हजार करून वर्षभरात, थोडे काढणाऱ्यात थोडे विकणाऱ्यात. रिझल्ट आले की कर्ज किती वाढलं ते आधी बघा, प्रॉफिट नंतर.

प्रश्न: शेअरपेक्षा एमसीएक्सवर (कमोडिटीच्या वायदे बाजारात) क्रूडच घेऊन ठेवलं तर? शून्याखाली तर जाणार नाही ना.

उत्तर: गेलंय की! २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत क्रूडचा वायदा (पुढच्या तारखेचा सौदा) उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, साठवायला टाक्याच शिल्लक नव्हत्या, माल घ्या आणि वर पैसे पण घ्या अशी अवस्था. एमसीएक्सचा एप्रिलचा वायदा बॅरलला उणे २,८८४ रुपयांना सेटल झाला, म्हणजे शेवटचा हिशोब त्या भावाने झाला. लॉट (एका सौद्यातला माल) १०० बॅरलचा, म्हणजे ज्याने तो शेवटपर्यंत धरून ठेवला त्याचे घेतानाचे पैसे तर गेलेच, वर लॉटमागे २ लाख ८८ हजार खिशातून भरावे लागले.