'कमिंग आउट' म्हणजे कबुली नाही हो!

प्रश्न असा आलाय: दोन मुलींच्या प्रेमावरची एक नवी कादंबरी वाचली, तिच्यावर थोडं लिहायचंय, तर "नायिका आईसमोर आपल्या समलैंगिकतेची कबुली देते" हे वाक्य बरोबर आहे का? नसेल तर 'कमिंग आउट'ला, म्हणजे आपण समलैंगिक आहोत हे दुसऱ्यांना सांगण्याला, मराठीत काय म्हणायचं? आणि तिच्या गर्लफ्रेंडला मैत्रीण म्हटलं तर चालेल का?

पहिल्याचं उत्तर: नाही, चूक आहे. हे 'कबुली देते' मी इतक्या परीक्षणांत, इतक्या ब्लर्बवर वाचलंय की आता डोकं फिरतं. कबुली चोर देतो, लाच खाल्लेला माणूस देतो, आणि या कादंबरीतल्या मुलीनं चोरलंय काय? लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं हे मला माहितीये, बऱ्याचदा पुढच्याच वाक्यात तो लेखिकेच्या संवेदनशीलतेचं कौतुक करत असतो, पण तोवर त्या एका शब्दानं मुलीला पिंजऱ्यात उभं केलेलं असतं.

बाकीचे पर्याय पटकन उरकतो. 'उघडकीस आली' नको, उघडकीस घोटाळे येतात. 'प्रकटीकरण', 'आत्मप्रकटन' हे शब्द कादंबरीतलं एकही पात्र तोंडातून काढणार नाही, 'आई, मला आत्मप्रकटन करायचंय' असं कोण म्हणतं? 'स्वीकारली' हा शब्द चांगला आहे पण तो वेगळ्या प्रसंगाचा, त्यावर खाली येतो. 'कपाटातून बाहेर आली' हे 'कमिंग आउट ऑफ द क्लोझेट'चं शब्दशः भाषांतर तर अजिबात नको, मराठी वाचकाला त्यातून फक्त लोखंडी कपाट दिसतं.

आता 'कबूल' कडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

कबूल अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मुळात धातू तीन अक्षरांचा, क-ब-ल, अर्थ समोर असणं, समोरून येणारं घेणं, स्वीकारणं. याचं गोत बघा. मुकाबला म्हणजे समोरासमोर येणं. किब्ला म्हणजे नमाजाला ज्या दिशेला तोंड करतात ती. इस्तिकबाल म्हणजे स्वागत. मुस्तकबिल म्हणजे भविष्य, जे समोरून येतंय ते. जुन्या मराठी कागदपत्रांत बायकामुलांना, घरच्या माणसांना 'कबिला' म्हणतात तोही याच घरातला. अरबीत सुईणीला 'काबिला' म्हणतात, कारण बाहेर येणाऱ्या बाळाला ती हातात घेते. आणि चुंबनाला अरबीत काय म्हणतात? 'कुब्ला'! दोन तोंडं समोरासमोर. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

म्हणजे स्वागत, सुईण, चुंबन, भविष्य आणि घरची माणसं, एवढं सगळं ज्या शब्दाच्या रक्तात आहे त्याला आपण पोलीस चौकीत नेऊन बसवलंय.

आणि आता माझा मुख्य मुद्दा, जो मी गेली कित्येक वर्षं मांडतोय आणि कोशवाले ऐकत नाहीत. कबूल हा शब्द बोलणाऱ्याचा नाहीच, तो ऐकणाऱ्याचा आहे. निकाहात बघा, तिथे दोन भाग असतात, ईजाब आणि कबूल. ईजाब म्हणजे एका बाजूनं मांडलेला प्रस्ताव, कबूल म्हणजे दुसऱ्या बाजूनं तो घेणं. आधी कोणीतरी काहीतरी पुढे ठेवलं पाहिजे, त्याशिवाय कबूल म्हणायला जागाच नाही. मराठीतही हेच शिल्लक आहे, नीट कान द्या. भांडणात 'कबूल, पण...' असं आपण समोरच्याच्या वाक्यावर म्हणतो, भांडणाची सुरुवात कोणी 'कबूल'नं करत नाही. 'यायचं कबूल केलं होतंस ना?' म्हणजे मी बोलावलं होतं, तू हो म्हणालास. कबुलायत म्हणजे जमीन कसायला घेणाऱ्यानं समोरच्याच्या अटी मान्य करून लिहून दिलेला कागद. प्रत्येक ठिकाणी आधी दुसरा बोललाय, कबूल मागून आलाय.

मग तो आरोपीच्या तोंडी कसा गेला? माझं म्हणणं, कोर्टातून. 'गुन्हा कबूल आहे का?' असं विचारतात तेव्हासुद्धा आरोप समोरच्यानं ठेवलेला असतो आणि आरोपी तो स्वीकारतो, म्हणजे व्याकरण तेच आहे, आधी दुसरा बोलला मग हा. पण हे वाक्य इतकं घासलं गेलं की 'गुन्हा' गळून पडला आणि त्याचा डाग तेवढा 'कबुली'ला चिकटून राहिला. 'कबुलीजबाब' या जोडशब्दात तो डाग पक्का झाला. इंग्रजी-मराठी कोशांनी यात भर घातली, कन्फेस आणि अ‍ॅडमिट दोघांपुढे बिनदिक्कत 'कबूल करणे' लिहून मोकळे. भाषाशुद्धीवाले तर याहून पुढचे, त्यांना शब्द परका म्हणून काढून तिथे 'मान्य' बसवायचाय. अहो, शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, त्यानंतरही हा शब्द घराघरात टिकलाय, तो काय तुमच्या परवानगीनं? 'मान्य' म्हणताना नुसती मान हलते. हात पुढे करणं 'कबूल'मध्येच आहे.

एक आक्षेप मला ठाऊक आहे, 'प्रेमाची कबुली' चालते मग ही का नाही? तर 'प्रेमाची कबुली' सुद्धा नीट वापरणारा माणूस दुसऱ्याबद्दलच वापरतो. यानं विचारलं, तिनंही कबुली दिली. पहिल्यानं सांगितलं, दुसरीनं कबूल केलं. माझ्याच बाजूचा पुरावा आहे हा.

आता कादंबऱ्यांकडे, कारण कबुलीची ही सवय फक्त भाषेची नाहीये, या गोष्टी आधी ज्या साच्यात लिहाव्या लागल्या त्या साच्याचीही आहे. 1950च्या दशकात अमेरिकेत बायकांच्या प्रेमावरची स्वस्त पॉकेटबुकं भरपूर निघाली आणि खपलीही, पण पोस्टानं अश्लील म्हणून जप्त करू नयेत म्हणून प्रकाशक लेखिकांना शेवट वाईट करायला लावत, एकीला वेड लागायचं, एकीचं पुरुषाशी लग्न व्हायचं किंवा कोणीतरी मरायचं. म्हणजे गुन्हा, कबुली, शिक्षा असा क्रम ठरलेला. पेट्रिशिया हायस्मिथ या अमेरिकन लेखिकेनं 1952 साली 'द प्राइस ऑफ सॉल्ट'मध्ये हा क्रम मोडला, शेवटी दोघींना आशेची जागा ठेवली, आणि पुस्तक काढलं क्लेअर मॉर्गन या टोपणनावानं. स्वतःच्या नावानं ते तिनं 1990 साली येऊ दिलं, तेव्हा त्याचं नाव 'कॅरल' झालं. अडतीस वर्षं. त्या 1990च्या आवृत्तीला कोणी 'हायस्मिथची कबुली' म्हणेल का? तिनं आपल्या पुस्तकावर आपलं नाव घातलं, बस.

आणि गुन्ह्याचंच म्हणाल तर इंग्लंडमध्ये बायकांच्या बाबतीत तो कायद्यात नव्हताच. 1921 साली घालायचा प्रयत्न झाला, तिथल्या संसदेच्या कॉमन्स सभेनं कलम मंजूर केलं, लॉर्ड्स सभेनं फेटाळलं, आणि कारण काय तर बहुतेक बायकांनी असलं काही ऐकलेलंच नाही, कायदा केला तर त्यांना कळेल! भीती कृत्यापेक्षा सांगण्याची होती. म्हणून आजच्या कादंबऱ्यांत सांगण्याच्या प्रसंगाला इतकं वजन असतं, आणि म्हणून तिथे शब्द जपून वापरायला हवा.

बरं, इंग्रजीतही 'कमिंग आउट' हे 'कपाटातून बाहेर येणं' याचं लघुरूप आहे असं सगळे धरून चालतात, तेही खरं नाही. जॉर्ज चॉन्सी या इतिहासकारानं 1994 साली न्यूयॉर्कवरच्या आपल्या पुस्तकात दाखवलंय की दुसऱ्या महायुद्धाआधी तिथल्या समलैंगिक पुरुषांच्या बोलण्यात कपाट नव्हतंच. श्रीमंत घरातल्या वयात आलेल्या मुलींना समारंभानं समाजात आणायचे त्याला 'कमिंग आउट' म्हणत, तोच शब्द यांनी आपल्यासाठी उचलला, म्हणजे आपल्यासारख्यांच्या जगात पाऊल टाकणं. कपाट त्याला 1960च्या दशकात जोडलं गेलं. बाहेर येणाऱ्याला घ्यायला पलीकडे माणसं उभी आहेत, असा तो मूळ अर्थ, आणि इथे मला पुन्हा ती अरबी सुईण आठवते. दोन भाषांचा काही संबंध नाही, तरी विचार एकच आहे.

तर वाक्य असं लिहा: 'ती आईला सांगते.' एवढंच. काय सांगते ते वाचकाला पुस्तकात कळलेलं असतं. फार तर 'आपण समलैंगिक असल्याचं सांगते'. 'सांगणं' साधं वाटतं म्हणून लोक त्याला टाळतात, पण बोलताना आपण हेच म्हणतो, 'घरी सांगितलंस का?' आणि दुसरी बाजू लिहायची वेळ येईल तेव्हा 'कबूल' हक्कानं वापरा: ती सांगते, आणि आई शेवटच्या प्रकरणापर्यंत ते कबूल करत नाही. बघा, शब्द लगेच आपल्या जागी बसला की नाही? आता प्रश्न आईला विचारला जातोय.

'स्वीकारणं' हे या सगळ्याच्या आधीचं, मुलगी स्वतःशी करते ते. चांगल्या कादंबऱ्यांत हा भाग सगळ्यात लांब असतो, जुन्या आठवणी, शाळेतली एखादी मैत्रीण, विनाकारण वाटलेला मत्सर, हे सगळं ती नव्यानं वाचून काढते. सांगणं त्यानंतर, आणि तेही एकदा होऊन संपत नाही, आधी बहीण, मग आई, मग ऑफिस, मग डॉक्टर, दर नव्या माणसापाशी पुन्हा. म्हणून काही ठिकाणी 'सांगत राहते' लिहावं लागेल.

आणि तिच्या मनाविरुद्ध दुसऱ्याच कोणी सांगून टाकलं तर? बऱ्याच कादंबऱ्यांत हा प्रसंग असतो, मेसेज कोणीतरी वाचतं आणि गावभर होतं. त्याला आपल्याकडे तयार शब्द आहे, 'बभ्रा करणं'. 'तिनं सांगितलं' आणि 'त्यांनी बभ्रा केला', दोन्हीतला फरक मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

मैत्रीणीचं राहिलं. मैत्रीण लिहू नका, अर्धे वाचक शेवटपर्यंत दोघींना जिवलग मैत्रिणी समजून वाचतील, तसं होताना मी पाहिलंय. गर्लफ्रेंड लिहा, सगळ्यांना कळतं. एकत्र राहत असतील तर जोडीदार, तो स्त्रीपुरुष दोघांना चालतो, 'तिची जोडीदार' म्हटलं की झालं.