वाचक विचारतात : स्टेलाआजींची तपकीर

मागच्या अंकात झिम्बाब्वेच्या म्बिरावादक स्टेला चिवेशे यांच्यावर मी पानभर लिहिलं होतं. (म्बिरा म्हणजे लाकडी फळीवरच्या लोखंडी पट्ट्या बोटांनी छेडून वाजवायचं तिथलं वाद्य.) एरवी या सदराला रागांच्या वेळा, तंबोऱ्याच्या तारा आणि 'मुलीला कितव्या वर्षी गाण्याला घालावं' एवढ्यावरच पत्रं येतात. या वेळी टपाल वेगळंच आलं. त्यातली तीन पत्रं घेते.

प्रश्न : ताई, लेख वाचून नातवाकडून मोबाइलवर स्टेलाबाईंचा कार्यक्रम लावून घेतला. वाजवणं सुरेख. पण बाई जमिनीवर बसतात, चिमूटभर तपकीर ओढतात आणि मग डोळे मिटून कुठेतरी निघूनच जातात. सून म्हणाली, "आई, ही तर अंगात आल्यासारखं करतेय." आम्ही गावात वीस वर्षं बुवाबाजीविरुद्ध काम केलंय. जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हा पेढे वाटलेत. मग या बाईंचं कौतुक कोणत्या तोंडाने करायचं? संगीत घ्यावं आणि बाकीचं सोडून द्यावं, असं चालेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुम्हाला चालेल की. त्यांना मात्र चाललं नसतं. माझा लेख खरं तर त्याबद्दलच होता, तेव्हा मीच तो धड लिहिला नसणार.

तपकिरीपासून सुरू करते. स्टेलाबाईंच्या शोना लोकांत वाडवडिलांना हाक मारायची तर आधी तपकीर ठेवतात, आपण विडा-सुपारी ठेवतो तशी. तिला ते 'बुते' म्हणतात. (आमची आजी दिवसातून चारदा तपकीर दाताला लावायची, पण तिच्या हाकेला साधं मांजरही यायचं नाही.) वाडवडिलांचे आत्मे म्हणजे 'वादझिमू', आणि या वाद्याचं पुरतं नाव 'म्बिरा द्झावादझिमू', म्हणजे वाडवडिलांची म्बिरा. घरात दुखणं सरत नसेल, पाऊस ओढ देत असेल, तर 'बिरा' घालतात. 'रापोको'ची बिअर आठवडाभर आधीपासून मुरत ठेवलेली असते. रापोको म्हणजे आपली नाचणी. तुमच्या कोकणात हे वेगळं सांगायला नको. मग रात्रभर म्बिरा, भोपळ्याचे खुळखुळे, टाळ्या, नाच. ज्या पूर्वजाला बोलवायचं त्याची आवडती चाल लागली की तो माध्यमाच्या अंगात येतो, अशी श्रद्धा. त्यामुळे तिथे वादक शोभेला बसलेला नसतो. चाल चुकली तर पाहुणा दारातूनच परत जायचा!

आता कायद्याचं. तुमच्या पत्रातलं हेच वाक्य मला दोन दिवस सुटलं नाही. तिथेही जादूटोणाविरुद्ध कायदा झाला होता, 1899 साली. पण तो कुणी केला, कधी केला, ते बघा. 1896-97 मध्ये शोना आणि न्देबेले लोकांनी गोऱ्यांविरुद्ध उठाव केला. शोनांच्या उठावात लोकांना उठवणाऱ्यांत आत्म्यांची माध्यमं पुढे होती. नेहांदा या आत्म्याचं माध्यम असलेल्या चारवे नावाच्या बाईला 1898 मध्ये फाशी दिलं. दुसऱ्याच वर्षी कायदा आला. कुणालाही चेटकीण ठरवणं त्याने गुन्हा केलं. हे चांगलंच झालं, कारण तसं ठरवून माणसांचा जीव घेतला जाई. पण त्याच कायद्याच्या जाळ्यात कौल लावणारे आणि गावातले वैदूही अडकले. मिशनच्या शाळांतून शिकवलं जाई की वाडवडिलांना पुजणं म्हणजे सैतानाची चाकरी, आणि म्बिरा हे त्याचं वाद्य. आपला 2013 चा कायदा आपल्याच माणसांनी, वर्षानुवर्षं घासून, फसवणूक आणि इजा यांच्याविरुद्ध करून घेतला. भजन-कीर्तनाला, वारीला त्यातून स्पष्ट वगळलं. दोन्ही कायद्यांची नावं सारखी वाटली तरी तुमचे पेढे वाया गेले नाहीत.

स्टेलाबाईंचा जन्म 1946 चा, म्होंदोरो भागातल्या खेड्यातला. म्हणजे कायदा आणि मिशन, दोन्ही पुरते मुरल्यानंतरचा. विशीत म्बिरा शिकायची जिद्द धरली तर शिकवायला कुणी तयार होईना, आणि आता अडवणारे गोरे नव्हते. घरचेच होते. हे पुरुषांचं वाद्य, बाईने हात लावायचा नाही. मला यातली गंमत अजून पचत नाही : बिऱ्यात बाई गाणार, नाचणार, टाळ्या धरणार, बाई माध्यमही होणार, म्हणजे प्रत्यक्ष पूर्वज तिच्या तोंडून बोलणार, जिच्या नावाने माणसं उठली ती नेहांदाही एका बाईच्याच अंगात यायची. पण तिला बोलावणाऱ्या पट्ट्यांवर बाईचा अंगठा पडायचा नाही.

शेवटी नात्यातल्या एका आजोबांनी शिकवलं. 1966 ते 1973 अशी सातेक वर्षं ती शिकत होती. वाद्य बनवून द्यायलाही कुणी राजी नव्हतं. 1974 मध्ये 'कसाह्वा' ही पहिली तबकडी निघाली ती उसन्या म्बिरावर. ती तुफान खपली, आणि पुढच्या सहा वर्षांत वीसहून जास्त तबकड्या आल्या. एकीकडे ही प्रसिद्धी आणि दुसरीकडे रात्री चोरून होणाऱ्या बिऱ्यांत वाजवणं, हे दोन्ही चालू होतं. देश 1980 मध्ये स्वतंत्र झाला, त्या राष्ट्रीय नृत्यपथकात गेल्या, पुढे अनेक वर्षं जर्मनीत राहिल्या, जगभर हिंडल्या. 'हे नुसतं लोकसंगीत आहे हो' एवढं म्हणाल्या असत्या तर चर्चही गप्प बसलं असतं आणि परदेशी तिकिटंही खपलीच असती. तसं न म्हणता त्यांनी तपकिरीची डबी मंचावर नेली.

पूर्वज खरंच येतात का, हे मला विचाराल तर मी गाण्याची मास्तरीण आहे. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. पण तुमच्या वीस वर्षांच्या कामात तुम्ही कुणाच्याही दारी गेलात की आधी काय विचारत असाल? पैसे कुणी घेतले, मार कुणी खाल्ला, औषध कुणाचं थांबवलं. तेच प्रश्न इथे विचारा. आणि सूनबाईंना सांगा, अंगात आल्यासारखं दिसत असतानाही त्या बाईंची उजवी तर्जनी एकदासुद्धा चुकीच्या पट्टीवर पडत नाही, तिकडे लक्ष द्या.

प्रश्न : तुमच्या लेखात मिशनऱ्यांना सरसकट झोडपलंय. मी वसईचा ख्रिस्ती. आमच्या चर्चमध्ये मराठीत गाणी होतात, ढोलकी वाजते. तिकडे तसं काहीच झालं नाही का?
— एक वाचक, वसई

उत्तर : झालं. ते लिहायला हवं होतं, चूक माझी. 1962 ते 65 च्या व्हॅटिकन परिषदेनंतर तिथल्या कॅथलिक चर्चमध्ये ढोल आणि होशो, म्हणजे तेच भोपळ्याचे खुळखुळे, उपासनेत आले. जे वाजवलं तर आधीच्या पिढीला ओरडा बसला असता, ते आता पाद्रीच वाजवायला सांगू लागले. त्यामुळे सगळं खापर गोऱ्या मिशनऱ्यांच्या डोक्यावर फोडता येत नाही.

उलट आज तिथे म्बिरावाल्यांना सर्वांत जास्त टोचणारे आफ्रिकीच आहेत : पांढरे झगे घालून उघड्यावर प्रार्थना करणारे अपोस्तोलिक पंथ आणि शहरातली पेन्टेकोस्टल चर्चेस. देशातली बहुतेक माणसं ख्रिस्ती, आणि त्यातलीच कितीतरी आठवडाभर चर्चची, अडचण आली की गुपचूप गावच्या बिऱ्याला. माझा भाचा नोकरीनिमित्त चार वर्षं झिम्बाब्वेच्या राजधानीत, हरारेत होता. त्याच्या कचेरीतली एक बाई जेवणाच्या सुट्टीत याच्या फोनवर म्बिरा ऐकायची, पण कुणी आलं की झटकन बंद. शनिवारी गावी वडिलांच्या नावाने बिरा होता, तो तिने 'लग्नाला जाते' म्हणून सांगितला. 2020 मध्ये युनेस्कोने म्बिरा बनवण्या-वाजवण्याची कला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली, 2021 मध्ये हरारेच्या चौकात नेहांदाचा पुतळा उभा राहिला. त्या बाईचा फोन तरी बंदच होत असेल, असं मला वाटतं.

प्रश्न : ऑनलाइन 'कलिंबा' मिळतो, हजार रुपयांच्या आत. तीच म्बिरा का? नातीसाठी घ्यावा का? आणि म्बिरा ऐकायला सुरुवात कुठून करावी?
— एक आजोबा, सातारा

उत्तर : नात्यातली, पण ती नव्हे. कलिंबा हे आफ्रिकी संगीताचे अभ्यासक ह्यू ट्रेसी यांनी 1950 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत विकायला काढलेलं रूप. पाश्चात्त्य सुरांत लावलेलं. नातीला जरूर घ्या. 'बड्डे'ची धून अर्ध्या तासात निघते.

भाच्याने आणलेली म्बिरा आत्ता माझ्या टेबलावर आहे, म्हणून फरक सांगते. जाड लाकडी फळी, तिच्यावर ठोकून चपट्या केलेल्या लोखंडी पट्ट्या, डावीकडे दोन रांगा, उजवीकडे एक. अशा म्बिरावर बावीस ते अठ्ठावीस पट्ट्या असतात. खालच्या कोपऱ्यात एक भोक. त्यात उजवी करंगळी घालून फळी तोलायची. दोन्ही अंगठे वरून दाबतात, उजवी तर्जनी खालून वर टिचकी मारते. पहिल्या आठवड्यात माझं नख उपटायचं बाकी राहिलं होतं. आवाज मोठा व्हावा म्हणून ती मोठ्या सुक्या भोपळ्यात बसवतात. आपल्या तंबोऱ्याचाही भोपळाच की.

आणि फळीला सोडावॉटरच्या बाटलीची बुचं सैलसर ठोकलेली आहेत. पूर्वी गोगलगायींचे शंख लावत. भाच्याने मला ती काढून टाकायला सांगितलं, 'मावशी, आवाज खरखरतोय.' मी म्हटलं, अरे, ही जवारी आहे! तंबोऱ्याच्या घोडीवर आपण दोरा सरकवतो तो कशासाठी? सूर एकटा उघडा पडू नये, त्याच्या भोवती गुंजन हवं. शोना लोकांना तर त्या गुणगुणीशिवाय वाडवडील येतील असं वाटतच नाही. ऑनलाइन कलिंबाला बुचं नसतात. नातीची हौस टिकली तर दोन-चार पातळ पत्र्याचे तुकडे तारेत ओवून बांधून बघा.

ऐकायला सुरुवात कुठून करायची असंही विचारलंत. स्टेला चिवेशे झाल्या की चिवोनिसो माराइरे ऐका. ती म्बिरावादक वडिलांची मुलगी. 2013 मध्ये अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेली. तिचा आवाज नातीला स्टेलाआजींपेक्षा लवकर आवडेल. आजींचं वादन रात्री दिवे मालवून लावा, आणि सुरुवातीला दोनच गोष्टी शोधा : एक म्बिरा चाल धरते आणि दुसरी तिच्या फटींत आपले सूर पेरते. दोन माणसं मिळून तिसरीच चाल ऐकू येते, जी दोघांतलं कुणीच वाजवत नसतं.

खरी म्बिरा हवी असेल तर भाच्याला विचारून बघते. फक्त विमानतळावर अर्धा तास जास्त ठेवा. पट्ट्या, भोपळा आणि बुचं असलेली ती वस्तू काय आहे, हे समजावून सांगता सांगता त्याने शेवटी तिथेच वाजवून दाखवली होती.