अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या सुरुवातीच्या काळातला सर्वात अचाट हंगाम कोणत्या संघाचा?

माझं मत डोळे झाकून १८९९ च्या सिवानीला. टेनेसी राज्यातल्या डोंगरावरचं हे छोटंसं विद्यापीठ. त्या वर्षी १२ सामने खेळले, बाराही जिंकले. एकूण गुण ३२२, विरुद्ध फक्त १०. (हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून खेळतात तो, आपला पायाने खेळायचा नव्हे. तेव्हा मात्र हेल्मेटची सक्ती नव्हती, आणि चेंडू पुढे फेकायला परवानगीच नव्हती. नुसती रेटारेटी!)

खरी कमाल नोव्हेंबरमधल्या दौऱ्याची. मॅनेजर ल्यूक ली हा स्वतः विद्यार्थीच. खर्च भागावा म्हणून त्याने सामने एकाला एक लागून ठरवले. आगगाडीने सुमारे ४,००० किलोमीटरचा प्रवास. ९ तारखेला टेक्सास १२-०, १० ला टेक्सास ए अँड एम १०-०, ११ ला ट्युलेन २३-०. रविवारी विश्रांती. १३ ला एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) ३४-०, १४ ला मिसिसिपी १२-०. सहा दिवसांत पाच विजय, तेही परक्या मैदानांवर, आणि समोरच्यांना एकही गुण नाही! आजच्या संघांना दोन सामन्यांमध्ये साधारण आठवडाभर मिळतो.

ते १० गुण दिले कुणाला? ऑबर्नला. तो सामना सिवानीने ११-१० असा जेमतेम काढला. ऑबर्नचा प्रशिक्षक होता जॉन हाइसमन, ज्याच्या नावाने आज कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूला हाइसमन ट्रॉफी देतात.