कुंदा जर्मनीला जाईल का?

दिवाळी जवळ आली की या सदराची पत्रं वाढतात. या वेळी निम्मी पत्रं फराळाची आहेत. पोस्टाच्या पार्सल खिडकीमागे माझी नोकरी झाली आणि आता टिळकवाडीत घरी बसून लोकांची परदेशी पार्सलं बांधून देते. त्यामुळे खिडकीच्या दोन्ही बाजूंची कुरकुर ओळखीची आहे. थेट प्रश्नांकडे वळू या.

मुलगा म्युनिकला नोकरीला आहे. त्याला कुंदा, मांडे आणि घरचं तिखट पाठवायचं आहे. वर ‘गिफ्ट’ लिहिलं की कस्टम लागत नाही, असं शेजारी सांगतात. खरं आहे का? – एक आई, शहापूर, बेळगाव

ताई, आधी कुंद्याचं सांगते, म्हणजे गणपत गल्लीची फेरी तरी वाचेल. कुंदा म्हणजे आटवलेलं दूध. युरोपीय संघाबाहेरून खाजगी पार्सलनं दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिकडे येऊ देत नाहीत. जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून हा नियम आहे. पेढा, खवा, बर्फी सगळं त्यात आलं. सापडला तर कुंदा नष्ट करतात आणि त्यापायी उरलेलं पार्सलही अडकतं. आणि समजा कुणी अडवलं नाही, तरी तो ओलसर पदार्थ वाटेतल्या उकाड्यात किती टिकणार? लेक सुट्टीला घरी येईल तेव्हा ताटात वाढा की.

मांड्यांची अडचण वेगळी आहे. तूप तर असतंच, शिवाय मांडा वजनाला काही नाही पण जागा फार खातो. खाजगी कुरियरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात आणि ५००० नं भागतात. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर पैसे त्या आकड्याचे घेतात. ४५ × ३५ × ३० चा खोका झाला ९.४५ किलोचा, आत दीड किलोचे मांडे का असेनात. एवढे पैसे मोजून म्युनिकला पोचणार तो भुगा. त्यापेक्षा चकली, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी घाला.

तिखट मात्र बिनधास्त पाठवा. संकेश्वरी मिरचीचं असेल तर उत्तमच. पण कोरडं हवं, तेलात परतलेलं नको. तेल पिशवीतून पाझरतं, खोक्याच्या पुठ्ठ्यात मुरतं आणि पत्त्याचा कागद सुटून येतो. तिखट आधी जाड पिशवीत भरून तोंड सील करून घ्या, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला आणि मग डब्यात ठेवा. डब्याच्या झाकणाभोवती चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. खोका हलवून बघा, आत काही हललं तर कोपऱ्यात कापडाचे बोळे कोंबा. कोंबायला लेकाचेच जुने टी-शर्ट घ्या, तेही पोचतील. पत्ता साध्या बॉलपेननं लिहा, जेलपेन पावसात उतरतं. तोच पत्ता आणि फोन नंबर एका कागदावर लिहून खोक्याच्या आतही ठेवा. पूर्वी आपण मांजरपाट शिवून लाखेचे ठसे मारायचो, त्याला बाहेरचा पत्ता निघून जायची भीती नव्हती.

आता ‘गिफ्ट’चं. तो मंत्र नाही. जर्मनीत एका माणसानं दुसऱ्याला, पैसे न घेता पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंत करमुक्त आहे. किंमत त्यावर गेली की कर बसतो, मग वर काहीही लिहा. विकत मागवलेल्या वस्तूला २२ युरोपर्यंत जी सवलत होती, ती १ जुलै २०२१ पासून बंद झाली. कस्टमच्या फॉर्मवर, म्हणजे सीएन २२ किंवा सीएन २३ वर, नुसतं ‘गिफ्ट’ किंवा ‘खाऊ’ लिहू नका. ‘मिरची पूड, ५०० ग्रॅम, इतके रुपये’, ‘तांदळाची चकली, १ किलो, इतके रुपये’ असं एकेक ओळीत इंग्रजीत लिहा. हल्ली ही माहिती विमानाच्या आधी संगणकावरून पुढे जाते आणि तिकडचे लोक खोका दिसायच्या आधी फॉर्म वाचतात. खोक्यात काय आहे यापेक्षा फॉर्मवर काय लिहिलंय यावर पार्सलं जास्त अडतात, हे माझं खिडकीमागचं मत अजून बदललेलं नाही. आणि किंमत खरी लिहा. शंभर रुपयांची चटणी दहाची दाखवली, तर चटणीची नाही, तुमच्या सहीची शंका येते.

मुलाला सांगून ठेवा की कस्टमची चिठ्ठी आली तर तिकडच्या कचेरीत जाऊन अधिकाऱ्यासमोर खोका उघडावा लागू शकतो. घाबरायचं काही नाही, काय पाठवलंय याची यादी तेवढी फोनवर असू दे.

भाऊ दुबईला आहे. वहिनीनं केलेला कांदा-लसूण मसाला दोन किलो पाठवायचा आहे. – खानापूरहून एक बहीण

मसाल्यात खसखस घातलीय का, हे वहिनींना आधी विचारा. आपल्याकडे ती वाटणात सहज पडते. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे आणि तिथे तो अमली पदार्थांचा मामला धरतात. चिमूटभर होती, मसाल्यातच होती, ही सबब ऐकून घेत नाहीत. पार्सलवर नाव भावाचं असतं, चौकशीही त्याचीच होते. खसखस न घालता दुसरा मसाला करून पाठवा, आणि शिंकेला-खोकल्याला म्हणून औषधाची बाटली त्यात सारू नका. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, आणि ते तिथे परवानगीशिवाय चालत नाही.

मेव्हणा ऑस्ट्रेलियात आहे. आपल्याकडची तंबाखू मागतोय. – निपाणी

निपाणीकरांनी हा प्रश्न विचारावा यात नवल नाही. पण उत्तर नाही असंच आहे. १ जुलै २०१९ पासून तिथे परवान्याशिवाय पोस्टानं तंबाखू येऊ देत नाहीत. मेव्हण्याला सोडायला निमित्त मिळालं म्हणा.

मी न्यू जर्सीत असतो. आईसाठी व्हिटॅमिनच्या गोळ्या, स्वेटर आणि माझा जुना मोबाइल पाठवला. भेट असूनही ड्यूटी का घेतली? आणि पत्त्यात राज्य कोणतं लिहू? मी महाराष्ट्र लिहिलं होतं. – एक बेळगावकर

भावना पोचली. पण सीमाप्रश्न पार्सलवर सोडवायचा नाही बाबा. फॉर्मवर राज्य कर्नाटक लिहा, गाव बेळगाव लिहा नाहीतर बेळगावी, आणि पिनकोड अचूक लिहा. ५९० किंवा ५९१ नं सुरू होणारा पिन आपला, ४१६ नं सुरू होणारा चंदगड-कोल्हापूरकडचा. आकडा ५९० चा आणि राज्य महाराष्ट्र असं लिहिलं की संगणकावर दोन्ही जुळत नाहीत आणि कुणीतरी हातानं वेगळं काढेपर्यंत खोका पडून राहतो. निपाणीचा ५९१२३७, खानापूरचा ५९१३०२. गल्लीचं नाव आणि जवळचं देऊळ लिहा, आपल्या पोस्टमनला त्याचा उपयोग होतो. आईचा चालू मोबाइल नंबर तर हवाच.

ड्यूटीचं असं आहे की भारतात भेट म्हणून आलेल्या वस्तूंना पूर्वी जी सूट होती, ती डिसेंबर २०१९ मध्ये काढली. आता फक्त राखी आणि जीव वाचवणारी औषधं यांना सूट आहे, आणि राखीबरोबर आलेली दुसरी भेटसुद्धा त्यात येत नाही. व्हिटॅमिनच्या गोळ्या जीवरक्षक औषधात मोडत नाहीत. स्वेटरवर लागतो तसा जुन्या मोबाइलवरही कर लागतो. ड्यूटी किती, हे सांगणारं पत्रक पार्सलसोबत येतं. पोस्टमनला पैसे देताना आईनं पावती घ्यावी. मोबाइलबद्दल आणखी एक: बॅटरी फोनमध्येच बसवलेली असावी. सुटी बॅटरी आणि पॉवरबँक हवाई टपालात चालत नाही. आईला मोबाइल इथेच घेऊन द्या, खडे बाजारात दुकानं काय कमी आहेत?

आम्ही वडगावात साड्या विणतो. अमेरिकेतल्या ओळखीच्या बायका फोनवर मागवतात. पार्सल ‘भेट’ म्हणून पाठवलं तर चालेल का? – एक विणकर

पैसे घेताय ना? मग ती विक्री. विक्रीला भेट म्हणून पाठवू नका, पकडलं गेलं तर गिऱ्हाईक तुमचं आणि नाव खराब तुमचंच. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला जी ड्यूटीची सूट होती, ती २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. त्या वेळी आपल्या टपाल खात्यानं काही आठवडे तिकडचं बुकिंगच थांबवलं होतं. १५ ऑक्टोबर २०२५ पासून ते परत सुरू झालं, मात्र तिकडची ड्यूटी इथेच बुकिंगच्या वेळी भरायची असते. दर बदलत राहतात, म्हणून साडीची किंमत ठरवण्याआधी काउंटरवर त्या दिवशीचा दर विचारा.

विक्री नियमित करायची तर परदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यातीचा क्रमांक, काढा. अर्ज ऑनलाइन होतो आणि फी ५०० रुपये. टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं आहेत, तिथे निर्यातीचं बिल भरायला मदत करतात. साडी बिलासकट पाठवा. हातमागाची असेल तर बिलावर आणि फॉर्मवर हातमागाची म्हणून लिहा, आणि सूत की रेशीम तेही सांगा.

सासूबाईंना फोन आला. तुमच्या नावाचं पार्सल मुंबईत पकडलंय, त्यात अमली पदार्थ आहेत, तुम्हाला अटक झालीय, व्हिडिओ कॉलवर राहा, म्हणाले. त्या घाबरून दार लावून बसल्या. – अथणी

कायद्यात व्हिडिओ कॉलवर अटक नावाचा प्रकारच नाही. कस्टमवाले फोनवर पैसे मागत नाहीत, आधारचा नंबर किंवा ओटीपी मागत नाहीत, आणि ड्यूटी कुणाच्या खाजगी खात्यात भरायला सांगत नाहीत. कस्टमकडून खरं पत्र आलं तर त्यावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. सासूबाईंनी कुणाला काही पाठवलंच नसेल तर ऐकत बसायचंसुद्धा कारण नाही, फोन ठेवायचा. कुणी परदेशातला ‘मित्र’ भेट पाठवतो आणि मग कस्टमचे पैसे मागतो, तो याच माळेतला मणी.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा आणि त्याच दमात बँकेलाही कळवा. गेले नसले तरी तो नंबर आणि कॉलची वेळ लिहून ठेवून सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. सासूबाईंना लिहिता येत नसेल तर तुम्ही भरा, त्यांच्याजवळ बसून.