'गिव्ह अप' आणि 'गिव्ह इन'

प्रश्न असा आहे: शब्दकोशात दोन्हींपुढे 'हार मानणे' दिसतं, मग फरक काय? आणि 'गिव्ह इट अप' बरोबर असेल तर 'गिव्ह अप इट' चूक का?

कोडं सुटेना म्हणून वही मिटली, की 'आय गिव्ह अप'. समोर कोणी असायलाच हवं असं नाही. 'गिव्ह इन'ला मात्र रेटा लावणारं काहीतरी लागतं. मुलानं मोबाइलसाठी तासभर हट्ट धरला आणि आई नमली, 'शी गेव्ह इन'. कुणी सिगारेट सोडली तर 'ही गेव्ह अप स्मोकिंग'. महिन्याभरानं तलफ आवरेना आणि पुन्हा ओढली, तर 'ही गेव्ह इन'. रेटा आतून आला तरी तो रेटाच.

अशा क्रियापदांच्या याद्या पाठ करायला लावतात, ते मला मुळीच पटत नाही. आपल्याकडे 'सांगून टाकलं', 'सांगून ठेवलं', 'सांगून पाहिलं', 'सांगून बसलो' यांतला फरक कुणी यादी करून शिकवला? 'सांगून टाकलं' म्हणताना आपण काहीच फेकत नसतो, पण मराठी नव्यानं शिकणारा तिथे हमखास अडखळतो. आपण जे काम दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेतो, ते इंग्रजी पुष्कळदा या चिमुकल्या शब्दांकडून करून घेते. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक, 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाक, 'यूज अप' म्हणजे वापरून संपव. या 'अप'चा वर जाण्याशी संबंध नाही, तो काम पुरं करतो. सगळीच अशी उलगडत नाहीत हेही खरं. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं, ते आहे तसंच लक्षात ठेवावं लागतं.

आता 'इट'चं. मराठीत 'तो बाहेर गेला' यातलं 'बाहेर' क्रियाविशेषण, तर 'घराबाहेर' यातलं शब्दयोगी, नामाला चिकटलेलं. 'गिव्ह अप'मधला 'अप' पहिल्या जातीचा. तो मोकळा असल्यानं क्रियापद आणि तो यांच्यामध्ये कर्म बसू शकतं. नाम असेल तर ते मध्ये किंवा शेवटी, कुठेही चालतं. 'इट', 'हिम', 'देम' अशी सर्वनामं मात्र मध्येच. 'लुक आफ्टर'मधला 'आफ्टर' दुसऱ्या जातीचा, म्हणून 'लुक आफ्टर हिम' बरोबर आणि 'लुक हिम आफ्टर' चूक.

शंका आली तर मोठ्यानं म्हणून बघा. 'गिव्ह इट अप'मध्ये जोर 'अप'वर पडतो, दुसऱ्या जातीच्या 'लुक ॲट हिम'मध्ये 'लुक'वर.