नागपूर–पुणे पहिल्यांदा विमानानं जाताय? मग हे वाचा

भाऊ, नकाशावर हवाई अंतर सुमारे 600 किलोमीटर दिसतं, म्हणून पाऊण तासात पोहोचू असं धरू नका. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यातही वेळ जातो, म्हणून तिकिटावर सव्वा ते दीड तास असतो. तोच खरा माना.

नवखे चुकतात ते जमिनीवर:

- सोनेगावला, म्हणजे नागपूर विमानतळावर, दोन तास आधी पोहोचा. बहुतेक कंपन्यांचं बॅगेचं काउंटर 60 मिनिटं आधी बंद होतं. (माझं एकदा झालंय, बायको अजून ऐकवते.)
- मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही.
- पुण्यात लोहगाव विमानतळावरून कोथरूडला संध्याकाळी तासभर सहज लागतो.

वेब चेक-इन, म्हणजे ऑनलाइन बोर्डिंग पास काढणं, घरूनच करा. बाकीचं दुसऱ्या फेरीला सांगतो.