पेटी उत्तम वाजते, पण इतरांबरोबर?

आदरणीय महोदया,

अकरावी वाणिज्य शाखेत शिकणारा आपला मुलगा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची पेटीची ‘मध्यमा पूर्ण’ परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाला असूनही, ‘तू तुझंच वाजवतोस’ असे सांगून त्याला महाविद्यालयाच्या वाद्यवृंदातून वगळण्यात आले, तेव्हा आता त्याने संगीताचा नाद सोडावा का, असे आपण परळहून लिहिलेल्या पत्रात विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे की त्याने तो सोडू नये. परीक्षेत प्रामुख्याने ज्याच्या त्याच्या वादनाची पारख होते. चारचौघांबरोबर वाजवणे ही निराळी विद्या आहे आणि ती निराळीच शिकावी लागते. पेटीवादकाचे बरेचसे काम साथीचेच असते, हेही लक्षात घ्यावे.

गायिका आलापात पंचमावर थांबली की नवखा साथीदार ती मोकळी जागा तानेने भरून टाकतो. जाणता साथीदार मात्र तोच पंचम धरून ठेवतो, भाता हलका करतो आणि तिच्या श्वासाकडे लक्ष देतो, कारण पुढची जागा तिने घ्यायची असते. गोविंदराव पटवर्धन आणि तुळशीदास बोरकर या नामवंत पेटीवादकांच्या साथीची ध्वनिमुद्रणे त्याने याच दृष्टीने ऐकावीत आणि पेटी कुठे कुठे गप्प राहते, ते टिपून ठेवावे.

तबला शिकणाऱ्या एखाद्या मित्रासाठी त्याने रोज 30 मिनिटे त्रितालाचा लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनात पुन्हा पुन्हा वाजणारी सुरांची ओळ, धरावा. तबल्यावर कितीही आड लयीचे काम चालले, तरी 16 मात्रांची ती एकच ओळ न डगमगता वाजवत राहायचे. हुशार मुलांना याचा कंटाळा येतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. तरीही हा रियाज चुकवू नये. शिवाय गायक आज आपला ‘सा’ काळी एकमध्ये सांगेल, उद्या पांढरी चारमध्ये, त्यामुळे बाराही पट्ट्यांत हात बसायला हवा. आपल्या परळ-लालबाग भागात भजनी मंडळांची जुनी परंपरा आहे. तिथे पखवाज आणि टाळांबरोबर चढत जाणारी लय सांभाळताना जे शिकायला मिळेल, ते घरी एकट्याने बसून मिळणार नाही.

वाणिज्य शाखेचे शिक्षण चालू ठेवूनही हे सर्व करता येते. मुंबई विद्यापीठाच्या संगीत विभागाचा विचार बारावीनंतर करता येईल. तूर्त, वाद्यवृंदाच्या तालमीचे ध्वनिमुद्रण कुणाच्या मोबाइलमध्ये असल्यास ते त्याने मिळवावे आणि आपल्या पेटीकडे लक्ष न देता, पहिल्यांदा फक्त तबला ऐकावा.